न मोजलेल्या फेऱ्या: पुण्याच्या काठावरच्या एका गावासाठी वाहतूक आराखडा दुरुस्त करताना

पार्श्वभूमी

पुण्याच्या वाहतुकीवर कागद कधीच कमी पडलेला नाही. १९८७ च्या विकास आराखड्यात एचसीएमटीआर नावाचा वर्तुळाकार मार्ग आखला होता, तो अजून नकाशावरच आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बस, धावली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एक होऊन पीएमपीएमएल झाली. त्यानंतर २००८ चा सर्वंकष वाहतूक आराखडा आला. या धंद्यातले सगळे त्याला नुसतं सीएमपी म्हणतात. त्यात पादचारी, सायकल आणि बस यांना पहिला मान होता.

पुढे शहराची हद्दच हलली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली आणि जून २०२१ च्या अखेरीस आणखी २३. त्या २३ गावांचा कारभार महापालिकेकडे आला, पण विकास आराखडा करायचं काम पीएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ३१.२५ किलोमीटरची मेट्रो मार्च २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. या सगळ्या उलथापालथीत जनगणना मात्र झाली नाही. हाताशी होती ती २०११ ची: पुणे महापालिका ३१ लाख २४ हजार, पिंपरी-चिंचवड १७ लाख २७ हजार. त्या वेळी हे गाव 'ग्रामीण' रकान्यात होतं.

२०१७ च्या मेट्रो धोरणाने केंद्राच्या मदतीसाठी सीएमपी आणि पर्यायांचं विश्लेषण सक्तीचं केलं. त्यामुळे आराखडा अद्ययावत करणं हा आता हौसेचा मामला राहिलेला नाही. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका अद्ययावतीकरणातल्या एका तुकड्याचं आहे. गावाचं नाव, यंत्रणा आणि सल्लागार यांची ओळख मुद्दाम गाळली आहे. मी या कामात तांत्रिक छाननीच्या बाजूने होते.

गाव शहराच्या आग्नेय काठावरचं. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस व्हायचा. आता गावठाण, त्याला चिकटून भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आणि कालव्याच्या पलीकडे टॉवरच्या सोसायट्या. रस्ते म्हणाल तर जुने पाणंद रस्तेच, वर डांबर पडलेलं. दोन शेतांच्या बांधाजवळ जिथे बैलगाडी वळायची, तिथेच आज पाण्याचा टँकर अडकतो.

प्रश्न कुठे दिसला

सल्लागारांनी मॉडेल, म्हणजे लोकांच्या ये-जा करण्याच्या फेऱ्यांचं संगणकी गणित, चालवलं आणि गावापुरतं उत्तर स्वच्छ आलं. गावातून निघणारा बहुतेक माणूस दुचाकीवर किंवा मोटारीने निघतो, हमरस्त्याच्या चौकात येतो आणि तिथे चौकाची क्षमता संपते. उपाय दोन: चौकात उड्डाणपूल आणि गावातला रस्ता रुंद करून पलीकडच्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याला जोडणं, म्हणजे पुण्याच्या भाषेत 'मिसिंग लिंक'. पायी फेऱ्यांचा वाटा इतका कमी होता की तो तक्त्यात जवळजवळ दिसतच नव्हता.

सकाळी सातला कालव्याच्या पुलावर उभं राहिलं तर वेगळंच दिसायचं. डबा घेतलेल्या बायका, दप्तरवाली पोरं, गवंडीकामाला निघालेली माणसं, सगळी कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेने चाललेली. ती वाट मॉडेलच्या जाळ्यात नव्हतीच, कारण जाळं रस्त्यांच्या यादीवरून उचललं होतं आणि कालव्याची सेवावाट त्या यादीत येत नाही.

आकडे खोटे कुणी लिहिले नव्हते. गडबड चार वेगवेगळ्या ठिकाणी होती, आणि चारही एकाच दिशेला ओढत होत्या.

घरोघरच्या सर्वेक्षणासाठी नमुना निवडला तो मिळकतकराच्या यादीवरून. दहा खोल्यांची चाळ ही त्या यादीत एक मिळकत. टॉवरमधले दहा फ्लॅट म्हणजे दहा मिळकती, त्यातले दोन-तीन गुंतवणुकीचे आणि कुलूपबंद असले तरी. साहजिकच टॉवरमधली माणसं जास्त भेटली, चाळीतली कमी.

दुसरं, अर्ज घरातल्या एकाच माणसाने भरायचा होता. एका खोलीत सर्वेक्षकाने विचारलं, "काल कुठं कुठं गेला होता?" सासरे म्हणाले, "मी? कुठं नाही. पोरगा कंपनीत जातो, सून घरीच असते." अर्ज भरून होईतो सून दारात आली. ती पलीकडच्या दोन सोसायट्यांत धुणं-भांडी आणि स्वयंपाक उरकून, वाटेत धाकट्याला बालवाडीतून घेऊन परतली होती. तिच्या रकान्यात शून्य फेऱ्या लिहून झाल्या होत्या. सर्वेक्षक मुलगा चुणचुणीत होता, त्याने समासात हे टिपून ठेवलं. संगणकात समास भरत नाहीत.

तिसरं कारण जास्त तांत्रिक आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मॉडेलमध्ये शहराचे झोन पाडतात आणि एका झोनमधून दुसऱ्यात जाणाऱ्या फेऱ्याच रस्त्यांच्या जाळ्यावर चढवतात. झोनच्या आतल्या आत होणाऱ्या फेऱ्या बाजूला राहतात. इथे चाळी, शाळा, सोसायट्या आणि कालवा धरून आख्खं गाव एकच झोन होतं. म्हणजे ती सून अर्जात नीट नोंदली गेली असती, तरी नकाशावर कुठेच उमटली नसती.

चौथं मोजमापाचं एकक. चौकातली वर्दळ मोजतात पीसीयूमध्ये, म्हणजे एका मोटारीच्या तुलनेत वाहन किती रस्ता अडवतं त्यावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १०६ क्रमांकाच्या, १९९० च्या मार्गदर्शिकेनुसार, रहदारीतल्या प्रमाणाप्रमाणे, दुचाकी ०.५ ते ०.७५ आणि बस २.२ ते ३.७ धरतात. चाळीस जण एकेकट्याने दुचाकीवर निघाले तर ३० पीसीयू, तेच चाळीस एका बसमध्ये बसले तर फार तर ३.७. पायी चालणाऱ्याला आकडाच नाही. रस्ता ओलांडायला तो पाच मिनिटं ताटकळला, तरी चौकाच्या हिशेबात तो अवतरत नाही.

समोर असलेले पर्याय

छाननीच्या बैठकीत चार मार्ग मांडले गेले.

सगळ्यात सोपा, आणि अशा बैठकांत हमखास निघणारा: मॉडेल आहे तसं ठेवा, अहवालात पादचाऱ्यांवर एक परिच्छेद घाला. परिच्छेदाला निधी मिळत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोघांनी त्याला मान डोलावली, कारण मुदत जवळ आली होती.

दुसरा मार्ग म्हणजे मध्यवर्ती पेठांमधला पायी फेऱ्यांचा वाटा घेऊन इथे गुणक लावायचा. काम एका दुपारचं. पण पेठेतला माणूस मंडईत, शाळेत, दवाखान्यात चालत जातो ते सगळं जवळ आहे म्हणून. इथला माणूस चालतो तो बस नाही म्हणून. दोन्ही चालणं एका गुणकात बसवलं, तर 'लोक आनंदाने चालतात, बसची गरज नाही' असाही निष्कर्ष निघू शकला असता.

तिसरा मार्ग संपूर्ण सर्वेक्षण नव्याने करण्याचा. तत्त्वतः बरोबर, व्यवहारात अशक्य. निविदेत त्याची तरतूद नव्हती.

चौथा मार्ग मधला: या गावाचा झोन फोडून त्याचे लहान झोन करायचे, कालव्याची वाट जाळ्यात घालायची आणि तेवढ्या भागापुरतं पूरक सर्वेक्षण करायचं. सल्लागारांच्या प्रकल्पप्रमुखांचा आक्षेप रास्त होता. "मॅडम, एका गावासाठी केलं तर उरलेल्या गावांनी काय पाप केलंय?" याला समाधानकारक उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं की, हे गाव नमुना म्हणून घ्यायचं आणि फरक मोठा निघाला तर बाकी काठावरच्या झोनच्या आकड्यांवर तशी स्पष्ट सूचना छापायची.

काय केलं

सर्वेक्षणाला दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबलो. शाळा बंद असताना मोजलेली सकाळ काही कामाची नाही. पुण्यात गणपती, पालखीचे दिवस आणि मे महिना हेही वगळावेच लागतात, त्यामुळे मोजणीला लायक आठवडे वाटतात त्यापेक्षा कमी उरतात.

यादी मिळकतकराची न घेता गल्लीबोळ फिरून खोल्या मोजल्या. वीजमीटरवरून अंदाज बांधायची कल्पना निघाली होती, पण चाळीत मालकाच्या नावावर एकच मीटर आणि आत सबमीटर, त्यामुळे तीही बाद झाली. प्रश्न विचारायला गावातल्याच महिला बचत गटातल्या बायका घेतल्या आणि त्यांना अर्ज शिकवला. घरी जाण्याची वेळ दुपारी दोन ते चार आणि रविवार. प्रत्येकाने आपल्या फेऱ्या स्वतः सांगायच्या. सीटवर जाणाऱ्या (शेअर) रिक्षेला वेगळा रकाना दिला, कारण आधीच्या अर्जात ती आणि मीटरची रिक्षा एकाच खणात होत्या. कालव्याच्या पुलावर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर पायी माणसं मोजली.

पहिल्या दोन दिवसांत चाळमालकांनी दार लावून घेतलं. खोल्या मोजतायत म्हणजे मिळकतकर वाढणार, अशी गावात हूल उठली. इथे एक निर्णय चटकन घ्यावा लागला. माजी सरपंचांनी शब्द टाकला तर दारं उघडणार होती. पण रुंद होणाऱ्या रस्त्यालगत त्यांची स्वतःची जमीन होती आणि रस्ता व्हावा ही त्यांची इच्छा उघड होती. मदत घेऊ नये असं दोघांचं मत पडलं. घेतली, दोन अटींवर: ते मुलाखतींना हजर राहणार नाहीत आणि त्यांनी मदत केल्याचं अहवालात लिहिलं जाईल. दोन्ही त्यांनी हसत मान्य केल्या. गावपातळीवर हितसंबंध नसलेला माणूस शोधत बसलात तर सर्वेक्षण होणारच नाही, असं माझं मत आहे. हितसंबंध लिहून ठेवावेत आणि पुढे जावं.

आकडे आले तेव्हा त्या झोनमध्ये पायी फेऱ्यांचा वाटा सगळ्या साधनांत पहिला निघाला. बायकांच्या फेऱ्या सरळ जाऊन-येऊन नव्हत्या. घर, पहिली सोसायटी, दुसरी सोसायटी, बालवाडी, किराणा, घर अशी साखळी होती आणि तिचा बराचसा भाग हमरस्त्याला शिवतच नव्हता. चौकातल्या गर्दीचा मोठा हिस्सा गावाचा नसून सासवडच्या बाजूने येणाऱ्या थेट वाहतुकीचा आहे, हेही झोन फोडल्यावर दिसलं.

खरा पेच: 'आधीच ठरलेल्या' कामांची यादी

इथवर सगळं तंत्राचं होतं. मॉडेलमध्ये भविष्य तपासताना आधी एक आधारचित्र घेतात: नवं काहीच केलं नाही, फक्त मंजूर कामं पूर्ण झाली, तर काय होईल. चौकातला उड्डाणपूल या 'मंजूर' यादीत बसवलेला होता. म्हणजे प्रत्येक पर्याय पूल गृहीत धरूनच तपासला जात होता, आणि पूल स्वतः कधीच तपासला जात नव्हता. असा पूल आराखड्यात आपोआप योग्य ठरतो.

पुण्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये पाडावा लागला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने उडवला. नगर रस्त्यावर मोठ्या खर्चाने बांधलेली बीआरटी पुढे काढण्यात आली. प्रत्येकाची कारणं वेगळी होती आणि त्यातली काही पटण्यासारखीही होती. पण एकदा उभं राहिलेलं काम पुन्हा तपासायची पाळी पाडण्याच्या खर्चासकट येते.

आम्ही मागणी केली: यादीतल्या ज्या कामाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघालेला नाही, ते आधारचित्रातून बाहेर काढा आणि इतर पर्यायांच्या रांगेत उभं करा. यंत्रणेकडून उत्तर आलं की पुलाची घोषणा झाली आहे, तो आता काढता येणार नाही. त्यांच्याही बाजूला तथ्य होतं. लोकप्रतिनिधींनी जाहीर केलेलं काम सल्लागारांच्या तक्त्यातून गायब झालं तर दुसऱ्या दिवशी बातमी होते आणि आख्खा आराखडा त्या एका बातमीखाली चिरडतो.

तडजोड अशी झाली. मुख्य अहवालात पूल राहील. परिशिष्टात पुलासह आणि पुलाविना, दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी छापली जातील. शिवाय गावातल्या मिसिंग लिंकचे दोन टप्पे पडतील: आधी पदपथ आणि बस जाईल एवढी पट्टी, पूर्ण रुंदी नंतर. हा दुसरा भाग परिशिष्टापेक्षा मोलाचा होता, हे नंतर कळलं.

बसचं वळण

जनसुनावणी गावातल्या जुन्या ग्रामपंचायत कार्यालयात झाली. पूल, झोन, पीसीयू यांपैकी कशावरही कुणी विचारलं नाही. विचारलं ते एकच: "बस गावात कधी येणार?"

बस न येण्याचं कारण कागदावर मागणी कमी असं होतं. आगारातल्या एका अनुभवी वाहतूक नियंत्रकांना सोबत घेऊन गेलो तेव्हा खरं कारण पाच मिनिटांत कळलं. त्यांनी गावठाणाच्या चौकात पावलं टाकून जागा मोजली आणि म्हणाले, "बारा मीटरची गाडी इथं फिरत नाही. नऊ मीटरची फिरंल, पण त्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर आडवा येतोय." मग गाडी वळवायला दोन किलोमीटर पुढे रिकामी न्यावी लागते. त्या डेड किलोमीटरमुळे मार्ग तोट्यात जातो, आणि तोट्यातला मार्ग वेळापत्रकातून आधी गळतो. पीएमपीएमएलची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात भरतात, त्यामुळे काठावरच्या प्रत्येक नव्या मार्गाला 'तूट किती' हा प्रश्न आधी येतो.

यातून आराखड्यात एक छोटी, कुणाच्या नजरेत न भरणारी नोंद गेली: बस फिरवण्यासाठी गायरानाच्या कडेचा तुकडा आणि ट्रान्सफॉर्मर हलवण्याचं काम, पहिल्या टप्प्यात.

निष्पत्ती

पूल मुख्य यादीत राहिला. परिशिष्ट छापलं गेलं, सादरीकरणात मात्र त्याची एकही स्लाइड नव्हती. मिसिंग लिंकचा पहिला टप्पा मान्य झाला आणि ज्यांना पूर्ण रुंदीसाठी जाणाऱ्या जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे विकता येणारा बांधकाम हक्क, हवा होता ते नाराज झाले. माजी सरपंच त्यांत होते.

कालव्याच्या वाटेवर दिवे आणि कठडा घालण्याचा प्रस्ताव जागा पाटबंधारे खात्याची असल्यामुळे ना-हरकतीत अडकला. सोसायट्यांच्या मागच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी दोन फाटकं उघडावीत अशी सूचना होती. एका सोसायटीने सकाळ-संध्याकाळ फाटक उघडं ठेवायला सुरुवात केली, कारण कामाला येणाऱ्या बायका वेळेवर यायला लागल्या हे तिथल्या रहिवाशांनाच सोयीचं पडलं. दुसरीने सुरक्षेचं कारण देऊन नकार दिला.

नऊ मीटरची बस सुरू झाली आहे. फेऱ्या कमी आहेत आणि दुपारी ती येत नाही, नेमकी साखळी फेऱ्यांची परतीची वेळ तीच.

आज पुन्हा करायचं झालं तर

झोन किती मोठा असावा हे सर्वेक्षणानंतर नाही, निविदेच्या टर्म्स ऑफ रेफरन्समध्येच (कामाच्या अटींत) ठरायला हवं. काठावरच्या गावात गावठाण, चाळी आणि टॉवर यांना एका झोनमध्ये कोंबायचं नाही, एवढी एक ओळ तिथे असती तर पूरक सर्वेक्षणाची गरज निम्म्याने कमी झाली असती. कार्यादेश न निघालेली कामं आधारचित्रात घ्यायची नाहीत, हेही तिथेच लिहावं. घोषणा झाल्यावर ते मागितलं की भांडण होतं, आधी मागितलं तर ती फक्त एक अट असते.

आगारातल्या माणसाला आम्ही शेवटी बोलावलं, तो पहिल्या आठवड्यात हवा होता. बस कुठे वळते हे माहीत असलेला माणूस मॉडेलपेक्षा स्वस्तात पडतो.

तडजोडीतला परिशिष्टाचा भाग मी आज तितक्या जोराने मागितला नसता. त्या बैठकीतली सगळी ताकद त्यात गेली, आणि कालव्याच्या वाटेसाठी पाटबंधारे खात्याला त्याच वेळी टेबलावर आणायचं राहिलं. पुलाचा निकाल आमच्या हातात नव्हता. कठड्याचा कदाचित होता.

उरलेल्या गावांच्या झोनवर सूचना छापण्याचं ठरलं होतं ती छापली गेली, तक्त्याखाली बारीक अक्षरात. पुढच्या फेरीच्या अर्जाचा मसुदा तयार होतोय. त्यात सीटवरच्या रिक्षेचा रकाना कायम आहे आणि प्रत्येक सदस्याने स्वतः उत्तर द्यावं ही अटही. नमुना मात्र पुन्हा मिळकतकराच्या यादीवरूनच काढायचा प्रस्ताव आहे, आणि त्यावर आमची हरकत गेली आहे.